दाढीच्या ब्रशची केसगळती: दोष केसांचा की मुळाचा?

नव्या ब्रशने पहिल्या पाच-सात दाढ्यांमध्ये थोडे केस सोडले तर घाबरायचं कारण नाही. झुपका बांधताना जे केस दोऱ्याच्या पकडीत नीट आले नव्हते, तेच पाण्याबरोबर निघून येतात. पण वर्षानुवर्षं नीट चाललेला ब्रश एके दिवशी गालावर केस चिकटवून जाऊ लागला की मामला वेगळा. अशा वेळी पडलेला केस उचलून बघावा. मध्येच तुटलेला, आखूड असेल तर केसच झिजलाय. टोकापासून बुडापर्यंत अख्खा असेल, तर केस शाबूत आहे, मुळाशी असलेली पकड सुटली आहे.

या पकडीचं दुखणं ब्रशइतकंच जुनं. दाढीचा ब्रश अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळला. फ्रेंच भाषेत बॅजर या प्राण्याला आणि दाढीच्या ब्रशला आजही एकच शब्द आहे, ‘ब्लेरो’. बॅजरचा केस पाणी धरून ठेवतो, म्हणून तो महागडा. डुकराचा राठ केस स्वस्त, आणि वापरून टोकं चिरली की मऊ होणारा. घोड्याचा या दोहोंच्या मधला. केस कुठलाही असो, बांधणी एकच: झुपका दोऱ्याने आवळायचा, त्याचं बूड चिकटद्रव्यात बुडवायचं आणि मुठीच्या खोबणीत बसवायचं.

घोळ होता तो त्या चिकटद्रव्यात. जुन्या कारागिरांकडे राळ आणि डांबर असायचं. दोन्ही पाण्याला दाद देत नाहीत, पण उष्णतेपुढे मऊ पडतात. त्यात केस पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो. लाकडी मूठही तेच करते. रोज सकाळी फुगायचं आणि दुपारपर्यंत आकसायचं, या ओढाताणीत मधला कडक थर तडकतो. उकळतं पाणी म्हणजे या सगळ्यावर कळसच.

त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरातून ‘रबरसेट’ ब्रश बाजारात आले. केसांची बुडं रबरात रोवायची आणि ते रबर गंधकासह तापवून कडक करायचं, ही त्यांची युक्ती. केस कायमचे पकडले गेले आहेत, हाच त्यांच्या जाहिरातींचा मुख्य दावा असे. गिऱ्हाइकाचं खरं दुखणं काय होतं, हे या जाहिरातींवरून कळतं.

पहिल्या महायुद्धात मात्र केस स्वतःच घातक ठरले. रशिया आणि चीनकडून येणारा घोड्याचा केस युद्धापूर्वी युरोपात निर्जंतुक होऊन पुढे जाई. युद्धाने ती वाट मोडली आणि कच्चा केस थेट कारखान्यांत पोचू लागला. सैनिकांसाठी बॅजरची नक्कल म्हणून त्याचेच स्वस्त ब्रश बनले. त्यांच्यासोबत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाचे, बीजाणू आले. वस्तऱ्याने कापलेल्या त्वचेतून त्यांना आत शिरायला वाट आयतीच मिळाली. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळून दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशच्या आयातीवर बंदीच घातली. पंचाईत अशी, की हे बीजाणू साध्या धुण्याने मरत नाहीत, आणि राळेत बसवलेला झुपका दीर्घकाळ उकळला तर खिळखिळा होतो. त्या काळातला घोड्याच्या केसांचा ब्रश हाती लागलाच तर कपाटात मिरवावा, गालाला लावू नये.

पुढे १९३८ मध्ये नायलॉनचे तंतू दातांच्या ब्रशमध्ये आले आणि त्यानंतर दाढीच्या ब्रशमध्येही. सुरुवातीचे ताठ होते, पाणी धरत नसत. आजचे बारीक टोकांचे कृत्रिम तंतू त्यांच्यापेक्षा खूपच सरस आहेत. तरी गळतीच्या दृष्टीने मोठा बदल मला दुसराच वाटतो: दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेलं इपॉक्सी हे कृत्रिम चिकटद्रव्य. ते पाण्याने विरघळत नाही, कोमट पाण्याने मऊ पडत नाही. पण तेही फार कढत पाण्यात ढिलं होतं, आणि मुळात ते झुपक्यात पुरेसं भिनलं नसेल तर मधले केस पहिल्यापासूनच सैल राहतात.

म्हणून नेहमीच्या सूचनांमधल्या काही खऱ्या, काही नुसत्या चालत आलेल्या. हाताला सोसेल इतपतच गरम पाणी घ्यावं, ही खरी. ब्रश गालावर रगडून बुडापर्यंत दाबू नये, पिळताना केस ओढू नयेत, याही खऱ्या. जड पाण्यातला साबणाचा साका बुडाशी साठून केस फाकवतो. पाण्यात थोडा व्हिनेगर घालून अधूनमधून ब्रश भिजवला की तो सुटतो. ब्रश उलटाच टांगला पाहिजे, हा आग्रह मात्र मला फाजील वाटतो. केसांच्या दाटीत अडकलेलं पाणी टांगल्याने फारसं गळत नाही, ते वाऱ्यानेच सुकतं. नीट झटकून मोकळ्या हवेत उभा ठेवला तरी चालतो, बंद डब्यात कोंडू नये इतकंच.

इतकं करूनही अख्खे केस पडतच राहिले, तर झुपका पूर्ण कोरडा करून, केस फाकवून बरोबर मध्यभागी बुडाशी पातळ, पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाचे एक-दोन थेंब सोडावेत आणि पूर्ण दिवस हात लावू नये. गोंद वर चढला तर केस कडक होतात. सबंध झुपकाच डुगडुगत असेल तर थेंबांनी भागत नाही. मूठ आवडीची असेल तर खोबण खरवडून नवा झुपका बसवता येतो.