स्थलांतरितांचे घरसामान आणि पाळीव प्राणी : सीमाशुल्क नियमांची पार्श्वभूमी

एका देशातले बिऱ्हाड मोडून दुसऱ्या देशात मांडणाऱ्या माणसाला सीमेवर दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. सामानाबद्दल विचारले जाते, की हे खरोखर तुमच्या वापरातले आहे, की विक्रीसाठी आणलेला माल आहे. आणि सोबतच्या कुत्र्यामांजराबद्दल विचारले जाते, की त्याच्या अंगात रोग दडलेला नाही हे कशावरून. पहिला प्रश्न महसुलाचा आणि फार जुना आहे. दुसरा रोगराईचा असून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठळक झाला. आज दोन्ही कागदपत्रे एकाच फायलीत राहत असली तरी त्यांच्यामागचा इतिहास वेगळा आहे, आणि अर्जात ठिकठिकाणी दिसणाऱ्या सहा महिने, बारा महिने, एकवीस दिवस या मुदती कुठून आल्या ते या इतिहासाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

रोमन साम्राज्यात प्रांतांच्या सीमांवर आणि बंदरांत जकात घेतली जाई. गॉल प्रांतांत तिचा दर मालाच्या किमतीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा, म्हणजे अडीच टक्के होता. वसुलीचे काम ठेकेदारांकडे असे, आणि न सांगता नेलेला माल जप्त होई. तरीही प्रवासाला लागणाऱ्या वस्तूंना या जकातीतून सूट होती. म्हणजे बाजारात जाणारी वस्तू आणि माणसाच्या स्वतःच्या गरजेची वस्तू यांत फरक करावा, हा विचार तेव्हाच रुजलेला होता. पुढच्या सर्व कायद्यांचा गाभा हाच आहे. अडचण तत्त्वाची कधीच नव्हती, ती पुराव्याची होती. वस्तू स्वतःची आहे असे कोणीही म्हणू शकतो. सीमेवरच्या अधिकाऱ्याने ते मानायचे कशाच्या आधारावर?

अमेरिकेच्या कायद्यांत या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली ते स्पष्ट दिसते. १७९९च्या शुल्कवसुली कायद्याने येणाऱ्या माणसाचे कपडे, वैयक्तिक सामान आणि त्याच्या कारागिरीची हत्यारे शुल्कमुक्त ठेवली, पण त्यासाठी शपथेवर नोंद करण्याची अट घातली. सुताराची पेटी किंवा लोहाराची हत्यारे अडवली तर नव्या देशात तो माणूस पहिल्याच दिवशी बेकार होईल, ही जाण या तरतुदीत आहे आणि मला ती कौतुकास्पद वाटते. पुढे घरसामानाबाबत शपथेऐवजी काळाचा निकष आला. १८९०च्या कायद्यात पुस्तके व घरसामान बिनशुल्क आणण्यासाठी ते परदेशात मालकाने किंवा त्याच्या कुटुंबाने किमान एक वर्ष प्रत्यक्ष वापरलेले असावे, आणि ते दुसऱ्या कोणासाठी किंवा विक्रीसाठी आणलेले नसावे, अशी अट आहे. विकायला नेलेली वस्तू व्यापारी वर्षभर वापरत बसत नाही, एवढेच साधे गृहीतक त्यामागे आहे. हीच एक वर्षाची अट तेथील शुल्कसूचीत आजही आहे, आणि मालकासोबत न आलेल्या सामानासाठी भरायच्या ३२९९ क्रमांकाच्या अर्जातही तोच प्रश्न विचारला जातो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर एकसूत्रता यायला विसावे शतक उजाडावे लागले. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने ३ नोव्हेंबर १९२३ रोजी जिनिव्हात सीमाशुल्काच्या औपचारिकता सुलभ करण्याचा करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुसेल्समध्ये सीमाशुल्क सहकार्य परिषद स्थापन झाली आणि तिचेच नाव १९९४पासून जागतिक सीमाशुल्क संघटना असे वापरात आले. या परिषदेच्या १९७३च्या क्योटो करारात, आणि १९९९मध्ये सुधारून २००६मध्ये अंमलात आलेल्या त्याच्या नव्या रूपात, वास्तव्य बदलणाऱ्या माणसाच्या व त्याच्या कुटुंबाच्या वैयक्तिक वापराच्या सामानाला सवलत द्यावी, अशी शिफारस आहे. औद्योगिक, व्यापारी किंवा शेतीची साधने मात्र त्यातून वगळली आहेत. ही शिफारसच असल्याने मुदती किती असाव्यात हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो, आणि स्थलांतर करणाऱ्याचा गोंधळ नेमका तेथे होतो.

युरोपीय समुदायाने २८ मार्च १९८३ रोजी केलेला आणि २००९मध्ये नव्याने संहिताबद्ध झालेला नियम या बाबतीत सर्वांत तपशीलवार म्हणता येईल. अर्जदार किमान बारा महिने सलग युरोपीय सीमाशुल्क क्षेत्राबाहेर राहिलेला असावा, वस्तू त्याच्या ताब्यात आणि वापरात किमान सहा महिने असावी, आणि नवीन वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिन्यांत ती आणली जावी. शिवाय आणल्यानंतर बारा महिने ती विकता, भाड्याने देता, उसनी देता किंवा गहाण ठेवता येत नाही. तसे केल्यास शुल्क भरावे लागते. एकाच वस्तूवर मागे पाहणारी आणि पुढे पाहणारी, अशा दोन मुदती येथे लागू होतात. मद्य व तंबाखू यांना सवलत नाही. याच नियमात वैयक्तिक मालमत्तेच्या व्याख्येत खाट-कपाटांच्या सोबतीने घरातले पाळीव प्राणी आणि स्वारीची जनावरेही स्पष्टपणे धरलेली आहेत. सीमाशुल्काच्या लेखी कुत्रा हा बिऱ्हाडाचा भाग आहे आणि त्याच्यावर कर लागत नाही. तो अडतो तो पशुवैद्यकाच्या टेबलापाशी.

त्या टेबलाकडे वळण्याआधी सामानाच्या वाहतुकीत झालेला एक मोठा बदल सांगायला हवा. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, आणि पुढच्या दोन दशकांत मालवाहतुकीची पद्धतच पालटली. पूर्वी स्थलांतरिताच्या पेट्या बहुधा त्याच्याच जहाजातून येत आणि अधिकारी त्या मालकासमोर उघडून पाहत. आता माणूस विमानाने पुढे जातो आणि घरसामान काही आठवड्यांनी मागून पोहोचते. त्यामुळे मालकाच्या तोंडी सांगण्याची जागा सामानाच्या यादीने घेतली. खोके क्रमांक, आतील वस्तू, नवी की वापरलेली, अंदाजे किंमत, एवढे ओळीओळीने लिहिलेली यादी असेल तर काम सरळ होते. ‘किरकोळ सामान’ एवढेच लिहिलेले खोके अधिकाऱ्याला उघडावेसे वाटले तर त्याला दोष देता येत नाही, कारण शंका फेडायला मालक समोर नसतो.

कंटेनरबरोबर वेगळाच धोकाही फिरू लागला, तो म्हणजे लाकडी खोक्यांतून येणारी कीड. १९९६मध्ये न्यूयॉर्कमध्ये आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला आणि १९९९मध्ये पोर्तुगालमध्ये पाइन वृक्ष मारणारा सूत्रकृमी. २००२मध्ये लाकडी वेष्टनासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यानुसार कीड मारण्याचा एक मान्य उपाय म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवणे. असे लाकूड वापरलेल्या खोक्यावर कणसाचे चिन्ह आणि ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया) ही अक्षरे छापलेली दिसतात. घरच्या घरी फळ्या ठोकून बनवलेले खोके त्यामुळेच अडते.

वारसाहक्काने आलेल्या वस्तूंचीही अशीच गत आहे. वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या १९७३च्या वॉशिंग्टन कराराने वैयक्तिक व घरगुती वस्तूंना काही प्रमाणात सूट दिली खरी, पण ती सरसकट नाही, आणि अनेक देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक आहेत. आफ्रिकी हत्ती १९८९च्या निर्णयाने सर्वाधिक संरक्षित यादीत गेल्यावर आजोबांच्या पियानोच्या हस्तिदंती पट्ट्यांसाठीही वयाचा आणि मालकीचा पुरावा मागितला जाऊ लागला. करडा आफ्रिकी पोपट जानेवारी २०१७पासून त्याच यादीत आहे, त्यामुळे वर्षानुवर्षे घरात बोलणाऱ्या पोपटाला निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, अशा दोन्ही देशांचे परवाने लागतात.

आता प्राण्यांकडे येऊ. पशुरोगांबाबत देशादेशांत सहकार्य हवे ही गोष्ट जगाला पटली ती १९२०मध्ये, बेल्जियममधील बुळकांडीच्या साथीमुळे. भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे अँटवर्प बंदरात थांबली आणि तेथून हा रोग पसरला. त्यातून २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये आज जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. पण घरातल्या कुत्र्यामांजरांच्या नियमांना खरे वळण दिले ते रेबीजने, आणि त्यातही ब्रिटनच्या अनुभवाने.

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृषिमंत्री वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती केली. ती लोकांना मुळीच आवडली नाही. १८९७मध्ये बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर परवान्याचे बंधन आले आणि लवकरच सहा महिन्यांचे विलगीकरण रूढ झाले. १९०२पर्यंत देशातून रेबीज हद्दपार झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो पुन्हा शिरला असे मानले जाते, आणि १९२२मध्ये त्याचा पुन्हा नायनाट झाला. एका लपवून आणलेल्या जनावराची किंमत सगळ्या देशाला मोजावी लागते, ही शिकवण तेथील कायद्यात खोल उतरली ती यामुळे.

सहा महिनेच का? रेबीजचे विषाणू चाव्याच्या जागेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतात आणि लक्षणे दिसायला आठवडे किंवा महिने लागू शकतात. लक्षणे दिसण्याआधी जिवंत जनावरात रोग ओळखण्याची खात्रीची पद्धत नव्हती, म्हणून वाट पाहणे हीच तपासणी ठरली. तीही पूर्ण खात्रीची नव्हती. १९६९मध्ये कॅम्बर्ली येथे विलगीकरणाचे सहा महिने काढून बाहेर पडलेल्या कुत्र्याला थोड्याच दिवसांत रेबीजची लक्षणे दिसली. या धक्क्यानंतर सरकारने चौकशी समिती नेमली आणि १९७४मध्ये नियम अधिक कडक झाले. त्याच काळात फ्रान्सपर्यंत कोल्ह्यांमधला रेबीज येऊन पोहोचला होता, त्यामुळे इंग्लिश खाडीपलीकडची भीती खरीच होती. मालकांना विलगीकरणगृहात जाऊन आपल्या कुत्र्याला भेटता येत असे, पण बरोबर नेता येत नसे. ज्यांनी हा काळ सोसला त्यांच्या दुःखाला नियमपुस्तकात जागा नव्हती, पण नियम बदलावा म्हणून उठलेल्या आवाजाला बळ मिळाले ते तेथूनच.

नियम बदलता आला त्याला मात्र वेगळी कारणे होती. १९७८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. पुढे पश्चिम युरोपातला कोल्ह्यांचा रेबीज याच वाटेने आटोक्यात आला. लशीचा परिणाम रक्तात मोजण्याची चाचणी विश्वासार्ह झाली आणि प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही प्रतिपिंडांची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातील घटकांची, किमान पातळी मान्य झाली. शिवाय १९९६मध्ये मायक्रोचिपचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमधला पंधरा अंकी क्रमांक कागदावरच्या लशीला एका विशिष्ट जनावराशी जोडतो. आजही आधी चिप आणि मग लस हा क्रम पाळावाच लागतो. चिप बसवण्यापूर्वी टोचलेली लस धरली जात नाही, कारण ती याच जनावराला टोचली हे सिद्ध करता येत नाही.

स्वीडन व नॉर्वे यांनी १९९४मध्ये, आणि ब्रिटनने २८ फेब्रुवारी २०००पासून, ठरावीक देशांतून येणाऱ्या प्राण्यांसाठी विलगीकरणाला पर्याय दिला. ब्रिटनच्या योजनेत चिप, लस आणि रक्ततपासणीनंतर सहा महिने थांबावे लागे. म्हणजे सहा महिने तसेच राहिले. फक्त ते पिंजऱ्यात न जाता स्वतःच्या घरी जाऊ लागले. जपानमध्ये २००४च्या पद्धतीनुसार रक्ताचा नमुना घेतल्यापासून १८० दिवस थांबावे लागते, त्यातही तोच विचार आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवर १९१२पासूनचे १२० दिवसांचे विलगीकरण १९९७मध्ये ३० दिवसांवर आणि २००३मध्ये सर्व पूर्वतयारी केलेल्या प्राण्यांसाठी पाच किंवा त्याहून कमी दिवसांवर आले. स्थलांतराची तारीख ठरण्याच्या बरीच आधी प्राण्याची तयारी सुरू करा असे जाणकार सांगतात, ते या मुदतींमुळे. सामान बांधायला घेतल्यावर रक्त तपासायला दिले तर उशीर झालेला असतो.

युरोपीय संघाने २००३च्या नियमाने पाळीव प्राण्यांचा निळा पासपोर्ट आणला. २०१३च्या नियमाने, जो २०१४च्या अखेरीस लागू झाला, किमान वय बारा आठवडे असताना दिलेली लस आणि त्यानंतरचे २१ दिवस या अटी पक्क्या केल्या. रेबीजबाबत संघाने मान्य केलेल्या देशांच्या यादीत नसलेल्या देशांतून येताना लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि मग तीन महिन्यांची प्रतीक्षा लागते. याच नियमात एका माणसाबरोबर जास्तीत जास्त पाच प्राणी, मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर नको, आणि मालकी बदलण्याचा हेतू नको, असेही म्हटले आहे. घरसामानाला विचारला जाणारा जुना प्रश्न येथे जिवंत जनावरालाही विचारला जातो. पिल्लांचा व्यापार ‘घरचे कुत्रे’ या नावाखाली चालत असल्याने तो विचारणे भाग पडले.

ब्रिटन १ जानेवारी २०२१पासून युरोपीय व्यवस्थेबाहेर गेल्यावर तेथे दिलेले पाळीव प्राण्यांचे पासपोर्ट एका रात्रीत निरुपयोगी ठरले आणि प्रत्येक फेरीसाठी नवे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागू लागले. उलट फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनमधून जीव वाचवून आलेल्या लोकांच्या प्राण्यांना कागदपत्रांशिवाय प्रवेश देण्यासाठी त्याच २०१३च्या नियमातील अपवादाचे कलम वापरले गेले.

अलीकडच्या बदलांचा रोख रोगाइतकाच खोट्या कागदांवर आहे. रेबीजच्या लशीची बनावट प्रमाणपत्रे आढळू लागल्यावर अमेरिकेने जुलै २०२१मध्ये अधिक धोक्याच्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर तात्पुरती बंदी घातली. १ ऑगस्ट २०२४पासून तेथे येणारा प्रत्येक कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप बसवलेला असावा लागतो. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२३पासून विलगीकरणाचे दिवस प्राण्याच्या ओळखीशी जोडले. निघण्याच्या देशातील सरकारी अधिकाऱ्याने रक्ततपासणीपूर्वी चिप वाचून प्राण्याची ओळख पटवली असेल, तर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान दहा दिवस काढावे लागतात, आणि तशी ओळख पटवलेली नसेल तर किमान तीस.