औलीला रेल्वे आणि बसनं कसं पोहोचाल?

औली म्हणजे उत्तराखंडातलं बर्फाचं आणि स्कीइंगचं ठिकाण. बर्फाचे कपडे आमच्याकडून भाड्यानं नेणारे आणि तिथली खोली आमच्यामार्फत ठरवणारे बहुतेक लोक एक प्रश्न हमखास विचारतात: "हरिद्वारला तुमची गाडी घ्यायला येते ना?" नाही येत. आमचं दुकान छोटं, गाडी ठेवली तर तिचा खर्च शेवटी तुमच्याच बिलात येणार. शिवाय हरिद्वार-ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठाला रोज बस जातात आणि तिथली माणसं त्यांनीच जातात. तुम्हालाही जमेल. फक्त आपल्या घड्याळाचा हट्ट सोडावा लागतो.

मुंबई-पुण्याहून हरिद्वार

मुंबईकरांसाठी सोपं आहे. वांद्रे टर्मिनसहून हरिद्वारला रोज गाडी आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून आठवड्यातून दोनदा वातानुकूलित एक्स्प्रेस सुटते, ती कल्याण-नाशिकमार्गे जाते. पुणे, कोल्हापूर, नागपूरकडच्यांनी दिल्ली गाठून तिथून हरिद्वारची गाडी धरावी. दिल्ली-हरिद्वार गाड्या भरपूर आहेत.

आरक्षण करताना ऋषिकेशची दोन स्टेशनं दिसतील: जुनं 'ऋषिकेश' आणि नवं 'योगनगरी ऋषिकेश'. लांब पल्ल्याच्या गाड्या नव्यावर येतात. पण ऋषिकेशचंच तिकीट हवं म्हणून अडून बसू नका. हरिद्वार ते ऋषिकेश जेमतेम 25 किलोमीटर, बस आणि रिक्षा सारख्या चालू असतात.

एक गोष्ट मात्र मनात धरून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाड्या तासन् तास रखडतात. तुम्ही बर्फासाठी निघताय, म्हणजे नेमके त्याच दिवसांत.

हरिद्वारला किंवा ऋषिकेशला एक रात्र राहाच

हे आम्ही कळकळीनं सांगतो, कारण पहिल्या वर्षी चूक आमचीच झाली होती. एका कुटुंबाला आम्ही सांगून बसलो की दुपारी उतराल, लगेच पुढची बस पकडा. ते अडीचला उतरले. जोशीमठाच्या बस पहाटेच निघून गेलेल्या. मिळेल त्या जीपनं ते अंधार पडेपर्यंत श्रीनगरला पोहोचले आणि पुढे कोणी न्यायला तयार होईना. रात्री या रस्त्यावर बस चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सोबतच्या आजोबांना त्या रात्री जी थंडी भरली, ती औलीत पोहोचेपर्यंत उतरली नाही. त्या मुक्कामाचे पैसे आम्ही भरले, आणि तेव्हापासून वेळापत्रकात एक रात्र जास्तच धरतो.

(हे श्रीनगर गढवालचं, काश्मीरचं नव्हे. घरी फोन करताना नुसतं 'श्रीनगरला पोहोचलो' म्हणू नका. एका ताईंच्या सासूबाई रात्रभर झोपल्या नव्हत्या.)

बसचा दिवस

ऋषिकेश ते जोशीमठ अंतर सुमारे 250 किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या अंतराला पाच-सहा तास लागतात, तिथे नऊ-दहा धरा. रस्ता रुंद झालाय, पण दरड पडली की अर्धा तास म्हणता म्हणता तीन तास जातात.

बस पहाटेपासून सकाळी लवकरपर्यंत सुटतात. त्यातल्या बऱ्याचशा गढवाल मोटर ओनर्स युनियनच्या असतात. तिथले लोक 'जीएमओयू' असंच म्हणतात, तुम्हीही तसंच विचारा. आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन उद्याची पहिली बस कितीची, हे खिडकीवर विचारून या. मोबाईलवर दिसलेल्या वेळेवर विसंबू नका. उन्हाळ्यात बद्रीनाथची यात्रा चालू असते तेव्हा गाड्या खूप असतात. हिवाळ्यात देवळाची दारं बंद झाली की त्या कमी होतात. गर्दीही कमी होते म्हणा, पण पहिली बस हुकली तर दुसरीचा भरवसा नाही.

बस चुकलीच, तर शेअर जीप आहेत. आपलं वडाप तेच तिकडचं 'मॅक्स'. सवारी भरल्याशिवाय हलत नाही. जोशीमठची थेट जीप नसेल तर रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली असे टप्पे करत जाता येतं. प्रत्येक टप्प्याला वाट बघावी लागते, म्हणून हा मार्ग सकाळी अकराच्या आत निघणार असाल तरच.

बसमध्ये उजव्या हाताची खिडकी मागा. देवप्रयागपर्यंत गंगा त्याच बाजूला खाली दिसते. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात. दोन पाण्यांचे दोन रंग, एक मातकट आणि एक हिरवट, थोडं अंतर शेजारी शेजारी वाहताना बसमधूनही ओळखू येतात, आणि तिथून खाली वाहणाऱ्या नदीला गंगा म्हणतात. देवप्रयागच्या थोडं अलीकडे तीनधारा नावाच्या जागी बस जेवणाला थांबते. राजमा-चावल घ्या, पण अर्धी थाळी. पुढे वळणं आहेत. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी बस सुटायच्या अर्धा तास आधी घ्यावी, पहिल्या उलटीनंतर नाही. मोठी बॅग टपावर जाते, तेव्हा औषधं, टोपी, पाणी आणि स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा.

वाटेत जागोजागी बोगद्यांची कामं दिसतील. ऋषिकेश ते कर्णप्रयाग सुमारे 125 किलोमीटरचा लोहमार्ग बांधला जातोय आणि त्याचा बहुतेक भाग डोंगराच्या पोटातून जाणार आहे.

जोशीमठ ते औली

पाट्यांवर 'ज्योतिर्मठ' दिसलं तर गोंधळू नका, 2024 पासून तेच अधिकृत नाव आहे. बसवाला अजून जोशीमठच ओरडतो.

रोपवेबद्दल स्पष्ट सांगतो. जोशीमठहून औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी 2023 पासून बंद आहे. त्या महिन्यात गावातली जमीन खचली, शेकडो घरांना भेगा पडल्या, तेव्हा तो थांबवला. जुन्या व्हिडिओंत तो दिसतो आणि लोक आम्हाला त्याची तिकिटं काढायला सांगतात. औलीच्या उतारावर 800 मीटरची चेअरलिफ्ट आहे ती वेगळी. ती औलीत पोहोचल्यावर उपयोगाची, पोहोचण्यासाठी नाही.

म्हणून रस्त्यानं, साधारण 14 किलोमीटर, बाजारातून जीपनं. आम्ही सुचवतो की बसच्या दिवशी संध्याकाळी वर जाऊ नका. जोशीमठ 1,900 मीटरच्या आसपास आहे, औलीचे उतार 2,500 ते 3,000 मीटरवर. एक रात्र खाली काढली की डोकेदुखी कमी होते आणि सकाळी रस्त्यावर बर्फ किती आहे ते बघून जीप ठरवता येते. बर्फ जास्त असेल तर चाकांना साखळ्या लावलेलीच जीप घ्या. साखळ्या आहेत असं तोंडी सांगितलं तर "दाखवा" म्हणा. कधी कधी जीप शेवटच्या एक-दोन किलोमीटरआधीच थांबते आणि उरलेलं अंतर चालावं लागतं. तिथे चाकाची बॅग काही कामाची नाही, पाठीवरची सॅक आणा.

स्की, बूट आणि काठ्या औलीतच भाड्यानं मिळतात, घरून काही न्यायचं नाही. आमचे जॅकेट-पँट मात्र जोशीमठात बसमधून उतरायच्या आधीच हाताशी काढून ठेवा.

बर्फ असेल का?

जानेवारी ते मार्चची सुरुवात हे दिवस चांगले. खात्री आम्ही देत नाही. अलीकडे बर्फ कमी पडल्यानं औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धासुद्धा पुढे ढकलाव्या लागल्या आहेत. निघण्याच्या चार दिवस आधी आम्हाला फोन करा, वर काय स्थिती आहे ती विचारून सांगतो. बर्फ नसेल आणि तुम्ही बेत रद्द केलात, तर कपड्यांचं भाडं परत मिळेल. खोलीचं मात्र मालकाच्या नियमाप्रमाणे.

परतीचा प्रवास

जोशीमठहून खाली जाणाऱ्या बसही पहाटेच सुटतात, म्हणून आदल्या संध्याकाळी औलीतून उतरा. हरिद्वारहून मुंबईची गाडी त्याच रात्रीची काढू नका, दुसऱ्या दिवसाची काढा. आमचे कपडे ओले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणू नका. हरिद्वारच्या खोलीत दोरीवर टाका, रात्रभरात सुकतात.