प्रीमियम ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड : लाभांतील बदल आणि ग्रामीण विदर्भ

प्रीमियम ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड म्हणजे भरघोस वार्षिक शुल्क घेऊन त्याच्या बदल्यात विमानप्रवास, हॉटेल आणि विमानतळावरील लाउंज यांच्याशी निगडित लाभ देणारे क्रेडिट कार्ड. खर्चावर रिवॉर्ड पॉइंट जमा होतात. ते विमानकंपनीच्या माइल्समध्ये (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांत) किंवा हॉटेलांच्या पॉइंटांत वळवता येतात, नाहीतर बँकेच्या पोर्टलवर तिकिटासाठी वापरता येतात. शुल्क वर्षाचे आगाऊ कापले जाते. लाभांची यादी वर्षभर तीच राहील अशी हमी मात्र अटींच्या पत्रकात कुठेच नसते. अटी बदलण्याचा अधिकार बँक स्वतःकडे राखून ठेवते आणि तो वापरतेही. पॉइंटांची किंमत घटली की कार्डधारक त्याला ‘डीव्हॅल्युएशन’ म्हणतात.

जाहीर झालेला बदल आणि प्रत्यक्ष बसलेली झळ यांत पुष्कळ अंतर असते. ज्या बदलावरून मुंबई-बंगळूरमध्ये आरडाओरड होते तो पुसदच्या किंवा वरूडच्या कार्डधारकाला जाणवतही नाही. उलट पत्रकाच्या तळाशी आलेली एखादी ओळ त्याचे वर्षाचे निम्मे पॉइंट घेऊन जाते. ग्रामीण विदर्भाचा विचार वेगळा करावा लागतो तो यामुळे.

पार्श्वभूमी : अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ॲडव्हांटेज हा माइल्स कार्यक्रम सुरू केला आणि १९८७ मध्ये सिटी बँकेबरोबर त्याला जोडलेले कार्ड बाजारात आले. विमानात न बसताही किराणा घेऊन माइल्स मिळवता येऊ लागल्या. आजच्या प्रीमियम कार्डांची चढाओढ समजून घ्यायला अमेरिकेतील चेस बँकेच्या सफायर रिझर्व्ह कार्डाचे उदाहरण पुरेसे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये ते ४५० डॉलर शुल्क आणि एक लाख पॉइंटांचा स्वागत बोनस घेऊन आले. शुल्क २०२० मध्ये ५५० आणि २०२५ मध्ये ७९५ डॉलर झाले. अमेरिकेतील ॲमेक्स (अमेरिकन एक्सप्रेस) प्लॅटिनम कार्डाचे शुल्क २०१७ मध्ये ५५० होते, २०२१ मध्ये ६९५ आणि २०२५ मध्ये ८९५ डॉलर झाले. तिथे शुल्क वाढवताना लाभही वाढवून दाखवतात, पण ते ठरावीक हॉटेले, टॅक्सीसेवा आणि दुकानांपुरत्या सवलतींच्या रूपात. कागदावर बेरीज शुल्काच्या वर जाते. ती पदरात पाडून घ्यायला मात्र ग्राहकाने कूपनवही सांभाळल्यासारखे वर्षभर हिशेब ठेवायचे.

भारतात बदलाची तऱ्हा निराळी आहे. येथे शुल्क तुलनेने कमी वाढते. कात्री लागते ती पॉइंट कशावर मिळतात, किती मिळतात आणि त्यांचे पुढे काय होते, यांना.

बदल कसा होतो : सर्वांत बोलके उदाहरण ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे. ३१ ऑगस्ट २०२३ पर्यंत या कार्डावर दर २०० रुपयांना १२ पॉइंट मिळत आणि महिन्याला एक लाख रुपये खर्च केला की वर २५,००० पॉइंटांचा बोनस मिळे. म्हणजे लाखाच्या खर्चावर ६,००० अधिक २५,०००, एकूण ३१,००० पॉइंट. पाच पॉइंटांच्या चार माइल्स होत असल्याने त्यांच्या २४,८०० माइल्स व्हायच्या. १ सप्टेंबर २०२३ पासून मासिक बोनस बंद झाला, पाच पॉइंटांना दोनच माइल्स मिळू लागल्या आणि शुल्क १०,००० वरून १२,५०० रुपये (अधिक जीएसटी) झाले. शुल्कमाफीसाठीचा वार्षिक खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर गेला. त्याच एक लाखाच्या खर्चावर आता ६,००० पॉइंट, म्हणजे २,४०० माइल्स. महिन्याला दीड लाखाच्या वर खर्च करणाऱ्यासाठी चढा दर ठेवला गेला. खेड्यातल्या धारकाला त्याचा उपयोग शून्य. पॉइंट साठवून ठेवलेल्यांना दुहेरी फटका बसला, कारण नवा दर जुन्या शिलकीलाही लागू होता.

बँकेच्या बाजूनेही हिशेब आहे. प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला थोडी रक्कम मिळते. पॉइंट, लाउंज आणि विमा हे सारे त्यातून, वार्षिक शुल्कातून आणि थकबाकीवरच्या व्याजातून भागवायचे असते. नवे कार्ड आणताना बँक तोटा सोसून ग्राहक गोळा करते. मग पॉइंटांसाठीच कार्ड वापरणारे, बिल वेळेवर भरणारे आणि एक रुपया व्याज न देणारे ग्राहक वाढत जातात. काही जण घरभाड्याच्या नावाखाली ओळखीच्या माणसाच्या खात्यात रक्कम पाठवून ती परत घेत आणि नुसत्या फिरवाफिरवीवर पॉइंट कमावत. असे व्यवहार वाढले की कात्री निघते, आणि ती प्रामाणिक भाडेकरूवरही चालते. एचडीएफसी बँकेने १ ऑगस्ट २०२४ पासून बाहेरच्या ॲपवरून भरलेल्या घरभाड्यावर एक टक्का शुल्क लावले. सप्टेंबर २०२५ मध्ये पेमेंट ॲग्रीगेटरसाठी (दुकानदारांच्या वतीने ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी) रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश आले आणि मोठ्या ॲपांनी कार्डाने घरभाडे भरण्याची सोयच काढून टाकली.

ग्रामीण विदर्भातील धारक : येथे असे कार्ड कास्तकाराच्या हाती क्वचितच दिसते. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने विवरणपत्रात करपात्र आकडा लहान दिसतो आणि बँका तर पगार किंवा विवरणपत्र पाहूनच कार्ड देतात. संत्र्याचा मोठा बागायतदारही या चाळणीतून गळतो, तर त्याच्या शेजारचा शिक्षक पार होतो. धारक असतात ते कृषी केंद्राचे मालक, जिनिंगवाले, अडते, रस्त्यांचे कंत्राटदार, तालुक्याच्या गावचे डॉक्टर, वणी-बल्लारपूर पट्ट्यातील कोळसा खाणींचे अधिकारी. पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांच्या नावे काढलेली ॲड-ऑन कार्डेही (त्याच्याच खात्यावरची जोडकार्डे) बरीच असतात.

या धारकाचा खर्च कशावर होतो ते पाहिले की बदलांची दिशा त्याच्या विरुद्ध का पडते ते कळते. विमानतिकीट वर्षातून एखाद-दोनदा. बाकी पेट्रोल-डिझेल, एलआयसीचा हप्ता, महावितरणचे बिल, मुलांची फी, कर आणि दिवाळीला किंवा लग्नाला सोने. गेल्या काही वर्षांत बँकांनी पॉइंटांतून वगळलेल्या किंवा मर्यादा घातलेल्या बाबींची यादी जवळजवळ हीच आहे. मॅग्नसवर एप्रिल २०२४ पासून विमा, सोने आणि इंधन यांवरचे पॉइंट बंद झाले. एचडीएफसीने १ सप्टेंबर २०२४ पासून वीज-पाण्यासारख्या बिलांवर महिन्याला २,००० पॉइंटांची कमाल मर्यादा घातली. शहरातला माणूस रेस्टॉरंट, मॉल आणि ऑनलाइन खरेदी यांतून पॉइंट भरून काढतो. घाटंजीत ती सोय बेताचीच.

कोणत्या खर्चावर पॉइंट द्यायचे हे बँक दुकानाच्या पाटीवरून ठरवीत नाही, तर चार आकडी व्यापार-वर्ग कोडावरून ठरवते. तो ‘एमसीसी’ या नावाने ओळखला जातो. पेट्रोल पंपाचा ५५४१, वीज-पाणी सेवांचा ४९००, विम्याचा ६३००, सराफी दुकानाचा ५९४४. दुकानदाराला मशीन देताना त्याची बँक हा कोड लावते. बियाणे, औषधे, मोटारपंप आणि पाइप एकाच छताखाली विकणारे कृषी केंद्र हार्डवेअरमध्ये नोंदले गेले असेल तर तसे पॉइंट मिळतात, आणि दुसऱ्याच वर्गात गेले असेल तर त्याच पाइपांवर काही मिळत नाही. दुकानदाराला स्वतःचा कोड ठाऊक नसतो आणि विचारायची रीतही नाही.

अर्थात कार्ड घेणारे मशीन हवे. खताच्या दुकानात एक पॉस मशीन हमखास दिसते, पण ते अनुदानित खताच्या विक्रीची आधारवर पडताळणी करण्यासाठी असते. त्यावर कार्ड चालत नाही. पैसे क्यूआरवर किंवा उधारीत. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्यास रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये मुभा दिली ती रुपे कार्डांपासून, आणि प्रवासाची बहुतेक उंची कार्डे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा ॲमेक्सची. परिणामी वर्षाला दहा हजार शुल्काचे कार्ड पाकिटात राहते आणि पाचशे रुपये शुल्काचे रुपे कार्ड बाजार समितीच्या आवारात चालते.

लाउंज आणि तिमाही : लाउंजच्या नियमांवर शहरात सर्वाधिक चर्चा होते. यवतमाळहून नागपूरचे विमानतळ सुमारे १५० किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून लांब. बुलढाण्याचे लोक छत्रपती संभाजीनगर गाठतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी सेवा सुरू झाली, गोंदियाच्या बिरसी विमानतळावरूनही मोजकी उड्डाणे झाली आहेत. तरी विमान म्हटले की या भागात नागपूरच. वर्षातून दोनदा लाउंजमध्ये बसणाऱ्याला ‘अमर्याद प्रवेश’ आणि ‘आठ वेळा प्रवेश’ यांत काही फरक पडत नाही. बँकेने अमर्यादचे आठ केले तर त्याचे नुकसान नाही.

त्याचे नुकसान होते ते प्रवेशाला खर्चाची अट लागते तेव्हा. एचडीएफसीने १ डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डावर देशांतर्गत लाउंजसाठी तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून काही कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च झाला असेल तरच प्रवेश, असा नियम केला आणि १५ नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम ७५,००० केली. ही कार्डे सर्वांत वरच्या श्रेणीतील नव्हेत, पण तालुक्याच्या गावी तीच अधिक आढळतात.

पगारदाराचा खर्च दर महिन्याला साधारण सारखा असतो. त्याला तिमाहीची अट जड जात नाही. कापूस-सोयाबीनच्या प्रदेशात पैसा हंगामाने फिरतो आणि व्यापारी, डॉक्टर, शाळा सगळे त्या चक्रात असतात. मे-जूनमध्ये खरिपाची आणि शाळेची खरेदी, ऑक्टोबरपासून सोयाबीन-कापसाचे चुकारे, दिवाळी आणि पुढे लग्ने. जुलै ते सप्टेंबर ही हात आखडता घेण्याची तिमाही, कारण पैसा मातीत गेलेला असतो आणि पीक अजून उभे असते. ‘आधीच्या तिमाहीतील खर्च’ हा नियम लावला तर दिवाळीच्या प्रवासासाठी नेमकी हीच तिमाही मोजली जाते. वर्षाच्या एकूण खर्चावर मिळणारा लाभ या हंगामी चक्राला मानवतो, तिमाहीचा मानवत नाही. कार्ड निवडताना शुल्काच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट आधी पाहण्याजोगी आहे, आणि कार्ड विकायला येणारा प्रतिनिधी ती कधीच सांगत नाही.

माइल्स आणि मार्ग : पॉइंट कमी होणे हा एक बदल, ज्या विमानकंपनीत ते वळवायचे ती कंपनीच नाहीशी होणे हा दुसरा. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली आणि तिच्याशी जोडलेल्या कार्डांचे प्रयोजन संपले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये गेले. नागपूरहून देशांतर्गत उड्डाणांत मोठा वाटा इंडिगोचा आहे. या कंपनीने ब्लूचिप हा नेहमीच्या प्रवाशांना पॉइंट देणारा स्वतःचा निष्ठा कार्यक्रम २०२४ मध्ये आणला. त्याआधी बँकांच्या पॉइंटांच्या परदेशी भागीदारांची यादी कितीही लांब असली तरी नागपूर–पुणे तिकिटाला तिचा फारसा उपयोग नव्हता. माइल्सचा खरा उपयोग होई तो परदेशातील मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या तिकिटाला, नागपूर–दोहा किंवा मुंबईमार्गे. अशा तिकिटासाठी दोन-तीन वर्षे पॉइंट साठवले जातात, आणि दर बदलण्याचा धोका साठवणीच्या काळाबरोबर वाढत जातो. वर्षभरात वापरून टाकणारा सहसा वाचतो.

नियम : रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट व डेबिट कार्डांविषयीचे निर्देश २१ एप्रिल २०२२ रोजी निघाले आणि १ जुलै २०२२ पासून लागू झाले. शुल्कातील बदल किमान एक महिन्याची पूर्वसूचना देऊन आणि पुढील तारखेपासूनच करता येतो. वाढलेले शुल्क मान्य नसेल तर धारकाला कार्ड परत करता येते आणि त्यासाठी जादा आकार घेता येत नाही. पॉइंटांचा दर घटवणे हे ‘शुल्क’ या शब्दात सरळ बसत नाही. बँका तेथेही सूचना देतात, पण ई-मेलने आणि इंग्रजीत. अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात असे निर्देशांत म्हटले आहे. त्यातील ‘शक्यतो’ हा शब्द बँकांना फार सोयीचा आहे.

थकबाकी फेडलेली असेल तर कार्ड बंद करण्याच्या विनंतीवर सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही व्हावी लागते; उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये धारकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे. विनंती हेल्पलाइन, ई-मेल, ॲप किंवा नेटबँकिंगवरून करता येते, त्यासाठी शाखेत जावे लागत नाही. शिल्लक पॉइंट कार्डाबरोबर बुडू नयेत म्हणून ते विनंती करण्याआधीच वापरून किंवा वळवून घेतात, आणि विनंती पुढील वार्षिक शुल्क बिलात लागण्याच्या आधीच्या महिन्यात केली जाते.