वऱ्हाडातील क्रोशा आणि सुयांवरचे विणकाम : पार्श्वभूमी

सुयांवरचे विणकाम आणि क्रोशा या दोन्हींना आपण सरसकट ‘विणकाम’ म्हणत असलो, तरी त्यांच्या वयात मोठे अंतर आहे. इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या नक्षीचे विणलेले मोजे मध्ययुगातील असून ते लोकरीचे नव्हे, तर सुताचे आहेत, ही गोष्ट कापसाच्या मुलखातील वाचकाला विशेष जवळची वाटावी. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. क्रोशा मात्र युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधील अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने आधार दिला. आपल्या देशात आंध्रातील नरसापूरची लेसही त्याच शतकात मिशनऱ्यांच्या शिकवणीतून उभी राहिली.

विदर्भात त्या काळी कापसाचे दिवस पालटत होते. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत बाजारात आले, तरी घरातील स्त्रीच्या हाती क्रोशाची सुई रुळली ती, माझ्या मते, कामाच्या पद्धतीमुळे. सुयांवर सगळे टाके एकाच वेळी उघडे असतात. एक निसटला की खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात सुईवर बहुधा एकच फास जिवंत असतो. तो थोडा मोठा ओढून ठेवला, की गोठ्यातून हाक आली तरी काम तसेच ठेवून उठता येते आणि परतल्यावर त्याच खांबापासून (क्रोशाच्या उभ्या टाक्यापासून) पुढे जाता येते. सीतादहीनंतर, म्हणजे वेचणीआधी शेतात होणाऱ्या पूजेनंतर, कापसाची वेचणी सुरू झाली, की उसंत मिळेल तेवढीच. त्या तुटक वेळेत बसणारा हा छंद आहे.

माझ्या आजीच्या ताटावरच्या रुमालाची सुरुवात सहा साखळ्यांच्या कड्याने होई. त्यात बारा खांब, पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन आणि मग मध्ये साखळ्या सोडत जाळी. रुमाल सपाट बसेना, कडेला वाटीसारखा वळू लागला, की खांब कमी पडले हे तिला बोटांनीच कळे, आणि ती निमूटपणे दोन फेऱ्या उसवून पुन्हा विणायला घेई. असेच रुमाल आणि तोरणे लग्नाच्या रुखवतात मांडली जात. लोकरीचे काम थंडीपुरतेच असे. जुने स्वेटर उसवायचे, लोकरीच्या लडी धुऊन वळसे सरळ करायचे आणि त्यातून लहानग्याची कानटोपी विणायची. सुया विकत न मिळाल्यास सायकलची तार दगडावर घासून गुळगुळीत केलेली मी पाहिली आहे, आणि त्या तारेवर पहिले ‘एक सुलट, एक उलट’ जमले तेव्हा झालेला आनंद आजही आठवतो.