गॅस भरणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे

भाड्याच्या घरातल्या एसीचं सर्व्हिसिंग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जाळ्या धुवायच्या, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कॉइलवर (गॅसच्या वळणदार नळ्यांवर) पाण्याचा फवारा मारायचा, ड्रेनच्या नळीतली बुरशी काढायची. मे तापायच्या आत एकदा, पाऊस सरल्यावर एकदा. हा खर्च भाडेकरूचा. वापरतो त्याने धुवावं, यावर घासाघीस करणारा भाडेकरू मलाही आवडत नाही.

घोळ होतो तो पुढच्या ओळीत. मेकॅनिक बिलावर लिहितो, ‘सर्व्हिसिंग + गॅस’. घरमालक म्हणतो, मेंटेनन्स तुमचा. आणि आपण मुकाट पैसे देतो, कारण ‘एसीत वर्षाला गॅस भरावाच लागतो’ हे वाक्य पणजीपासून काणकोणपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

हे वाक्य साफ खोटं आहे. तुमच्या फ्रिजमध्ये शेवटचा गॅस कधी भरला होता? बहुतेकांनी कधीच नाही. एसीची यंत्रणा तीच: बंद नळ्यांत गॅस फिरतो, आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, परत येतो. तो स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून सरत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळला. म्हणून ‘गॅस संपला’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. फुटक्या टाकीला कोणी ‘पाणी संपलं’ म्हणतं का?

गोव्यात गळती जास्त का, तर खारा वारा. करंझाळे, कळंगुट, बाणावली, कुठेही समुद्राकडे तोंड करून लावलेलं बाहेरचं युनिट बघा. कॉइलच्या पातळ पट्ट्यांवर पांढरी भुकटी, सांध्यांवर हिरवट थर. नळ्याच अॅल्युमिनियमच्या असतील तर आणखी वाईट. ही झीज आहे, भाडेकरूच्या वापराचा दोष नव्हे. भोक बुजवणं ही दुरुस्ती, ती घरमालकाची. पण करार करतानाच तसं लिहून घ्या. ‘किरकोळ देखभाल भाडेकरूची’ एवढंच लिहिलेलं असलं की सगळं त्या किरकोळमध्ये बसवतात.

मेकॅनिक यायच्या आधी स्वतः एवढं बघा. जाळी धुवूनही वारा मंदच येत असेल तर दोष बहुधा मळाचा. आतलं कॉइल आणि ब्लोअर (आतला पंखा) धुवून घ्या. वारा जोरात, पण गार नाही, आणि गारवा काही आठवडे हळूहळू उतरत गेलेला, तर गळतीचा संशय घ्या. मळानेही बर्फ धरतो आणि गॅस कमी झाला तरी धरतो, त्यामुळे नुसता बर्फ बघून निकाल देणाऱ्याला परत पाठवा. सांध्याभोवती तेलकट काळपट डाग मात्र चांगला पुरावा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. (आतून पाणी ठिबकतंय? ती ड्रेनची नळी. तिचा गॅस भरण्याशी सहसा संबंध नसतो.)

नीट दुरुस्ती म्हणजे नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून भोक शोधणं, ते बंद करणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या करणं आणि मगच युनिटवरच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणं. दहा मिनिटांत गेज लावून ‘टॉप-अप’ करणारा पुढच्या भेटीची सोय करून जातो. त्यात बऱ्याच नव्या मशीनमधला आर-३२ हा गॅस थोडासा ज्वलनशील असतो. गळती तशीच ठेवून बंद बेडरूममध्ये तो भरत राहणं मला तरी पटत नाही.

मी स्वतः अकरा महिन्यांच्या करारात तीनदा गॅसचे पैसे भरले. तिसऱ्या वेळी आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने बाहेरच्या युनिटच्या नटावर बोट फिरवलं आणि तेलाने काळं झालेलं बोट मला दाखवलं. तो फोटो मी घरमालकिणीला पाठवला. चौथा खर्च तिने केला. आधीचे तीन मात्र माझ्याच खिशातून गेले. आता किल्ली हातात घेतानाच मी बाहेरच्या युनिटचे नट, कॉइल आणि वजनाची पट्टी यांचे फोटो काढून मालकाला पाठवतो.