मेथीच्या वासाची वाईन आणि नऊशे वर्षं जुनं द्राक्ष

फ्रान्समध्ये एक व्हाईट वाईन आहे जिला मेथ्यांचा वास येतो. वाईनवाल्यांना तशी सवयच असते म्हणा, घोट घेतला की लगेच ओला दगड, जुनं चामडं, कुठल्याशा कुरणातलं फूल असं काय काय आठवायला लागतं त्यांना, पण हे तसलं नाहीये, इथे सरळ केमिस्ट्री आहे. आपल्या मेथीदाण्याला जो वास येतो तो मुख्यतः सोटोलॉन नावाच्या एका रेणूचा, आणि या वाईनमध्येही तोच रेणू तयार होतो. सारखा नाही, तोच. आणि मेथीचा दाणा तर त्या पिंपाच्या आसपासही फिरकलेला नसतो.

वाईनचं नाव व्हाँ जोन, म्हणजे पिवळी वाईन, आणि ती ज्या द्राक्षापासून बनते त्याचं नाव साव्हान्याँ. हे नाव वाचून बरेच जण 'सोव्हिन्यॉन' समजतात, ते वेगळं. साव्हान्याँ आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर फ्रान्समध्येही ज्युरा भाग सोडला तर सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. ज्युरा म्हणजे पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा, एका बाजूला बर्गंडी आणि दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड, डायनोसॉरच्या एका काळाला ज्युरासिक म्हणतात ते या डोंगरांवरूनच. एकोणिसाव्या शतकात इथे २०,००० हेक्टरच्या आसपास द्राक्षबागा होत्या, मग अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली, युरोपभर बागा उठल्या, ज्युराच्याही उठल्या, त्यातून हा भाग पूर्ण असा कधी सावरलाच नाही. आज २००० हेक्टरच्या जवळपास असेल. त्यातही सगळीकडे साव्हान्याँ नाही, जास्त शार्डोने आहे.

झाड तसं मानी आहे. घड लहान, मणी लहान, साल जाड, पीक बेताचं आणि पिकायला उशीर, ऑक्टोबर संपत आला तरी तोडणी चालू असते. पण एक गोष्ट याच्यात अशी आहे जी फार कमी द्राक्षांना जमते, साखर भरपूर चढते आणि तरी आंबटपणा उतरत नाही. सहसा काय होतं, द्राक्ष जसं गोड होत जातं तसा त्याचा आंबटपणा कमी होत जातो, हे बागाईतदारांना सांगायला नको. साव्हान्याँमध्ये दोन्ही टिकतं आणि पुढची सगळी गंमत त्याच्यावरच उभी आहे.

पण आधी त्याचं वय बघू, कारण ते अफाट आहे. २०१९ मध्ये नेचर प्लांट्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. फ्रान्समधल्या वेगवेगळ्या उत्खननांत सापडलेल्या २८ जुन्या द्राक्षबियांमधून डीएनए काढला, काही लोहयुगातल्या, काही रोमन काळातल्या, काही मध्ययुगातल्या, आणि तो आजच्या जातींशी ताडून पाहिला. बहुतेक बियांची आजच्या जातींशी नाती निघाली, कुणी आजोबा, कुणी चुलत भाऊ. पण ओर्लेआँ शहरातली एक बी, साधारण नऊशे वर्षांपूर्वीची, ती साव्हान्याँशी तंतोतंत जुळली (बीचं कवच आईवेलाचंच असतं, त्यामुळे वेल ओळखता येतो). नातेवाईक नाही, ते स्वतःच. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पाचशे वर्षं, देवगिरीला यादवांची राजधानीही झाली नव्हती तेव्हा कुणीतरी जे द्राक्ष खाऊन बी थुंकली तेच झाड आज ज्युरामध्ये उभं आहे.

हे होतं कसं? उत्तर आपल्या नाशिक-सांगलीच्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ आहे, द्राक्ष बी पेरून लावत नाहीत. बी पेरली तर आई-बापाच्या जनुकांचे पत्ते नव्याने पिसले जातात आणि येणारं झाड आईसारखं असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. त्यामुळे काडी कापायची, दुसऱ्या जागी लावायची किंवा खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळाकडच्या बुडावर, कलम करून भरायची, आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी भरतात तसं. म्हणजे साव्हान्याँ ही हजारो झाडं नाहीतच मुळी, एकच झाड आहे जे काडीकाडीने नऊशे वर्षं आणि त्याच्याही आधीपासून पुढे सरकत आलंय. फायलोक्सेरानंतर फरक एवढाच पडला की बुडाला ही कीड सोसणारा अमेरिकन खुंट आला, वरचा भाग तोच राहिला.

आता इतकी वर्षं काड्या लावत गेल्यावर कुठेतरी काडीवरच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, बदल होणारच. आपल्याकडे थॉमसनच्या बागेत असाच वेगळा दिसणारा वेल निवडून तासगावकडची तास-ए-गणेश झाली, सोलापूरजवळच्या नान्नजची लांब मण्याची सोनाका झाली. साव्हान्याँमध्येही तसं झालं, एका फांदीवर गुलाबी मणी आले, त्या गुलाबीत पुढे एका जनुकातलं एकच अक्षर बदललं आणि फळाला गुलाबासारखा, लिचीसारखा घमघमाट सुटला. तो वाण म्हणजे गेवुर्झट्रामिनर, जो जगभर प्रसिद्ध आहे आणि बाटलीचं बूच उघडलं की अख्ख्या खोलीला कळतं. डीएनएने बघितलं तर दोघं जवळजवळ एकच. एकाला वासाची लॉटरी लागली, दुसरा आंबट तोंड करून ज्युरात बसला.

आणि पोरंबाळं? ती तर विचारू नका. सोव्हिन्यॉन ब्लाँचा एक पालक साव्हान्याँ. शेनिन ब्लाँचा एक पालक साव्हान्याँ. ऑस्ट्रियाच्या ग्रुनर व्हेल्टलिनरचाही. सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि काबर्ने फ्राँ यांचं अपत्य म्हणजे काबर्ने सोव्हिन्यॉन, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात १९९७ मध्ये सिद्ध झालं, म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध रेड वाईनचा हा आजोबा. नाशिकमध्ये व्हाईट वाईन म्हटली की मुख्यतः शेनिन आणि सोव्हिन्यॉन, तेव्हा दिंडोरी-गंगापूरकडे जाऊन तुम्ही जी व्हाईट पिता ती बहुतेक करून याच म्हाताऱ्याच्या लेकरांची असते. म्हाताऱ्याचं नाव मात्र बाटलीवर कुठे नसतं.

या नावावरून ऑस्ट्रेलियात तर भलताच घोळ झाला. तिथल्या लोकांनी स्पेनचं अल्बारिन्यो नावाचं द्राक्ष म्हणून मोठ्या हौसेने बागा लावल्या, वाईन बनवली, अल्बारिन्यो म्हणून विकली, लोकांना आवडलीही. मग एका फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने पानं-घड बघून शंका काढली आणि २००९ मध्ये डीएनए तपासला तर सगळं साव्हान्याँ! स्पेनकडून काड्या आल्या तेव्हाच अदलाबदल झालेली. लेबलं बदलावी लागली, आणि वाईन तीच असून नवीन नावाने विकायला किती त्रास पडला असेल याची कल्पना करा.

असो, आता वाईनकडे. वाईन बनवणाऱ्याला पहिल्या दिवशी काय शिकवतात, तर हवा लागू देऊ नको. पिंपात वाईन मुरत असताना लाकडातून थोडी थोडी उडते, वर पोकळी होते, त्यात हवा येते, म्हणून दर काही दिवसांनी पिंप काठोकाठ भरत राहायचं. नाहीतर ॲसिटिक ॲसिडचे बॅक्टेरिया येतात आणि तुमच्या हातात व्हिनेगर. व्हाँ जोन बनवणारे हा नियम मोडतात, मुद्दाम. साव्हान्याँची वाईन आंबवून साधारण २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात भरतात, वर जागा ठेवतात आणि मग हातच लावत नाहीत. वर्षानुवर्षं.

पोकळी राहिली की काही दिवसांनी वाईनवर एक पातळ राखाडी-पांढरा पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. ही साय म्हणजे यीस्ट आहे, ज्याने साखरेची दारू केली त्याच जातीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पाववाल्याकडे असतं तेच, फक्त इथला प्रकार जरा हुशार. साखर संपली की साधं यीस्ट बुडाशी जाऊन मरतं. हा प्रकार मरत नाही, त्याच्याकडचं एक जनुक जागं होतं, पेशीच्या अंगावर पाण्याला नको म्हणणारी प्रथिनं उगवतात, पेशी एकमेकींना चिकटतात आणि सगळा गोतावळा तरंगत वर येतो, कारण वर हवा आहे. खायला साखर नाही ना, मग दारूच खातात, आणि दारू पचवायला ऑक्सिजन लागतो. इथेच डाव कळतो, पिंपात शिरणारा ऑक्सिजन ही साय वरच्यावर खाऊन टाकते, व्हिनेगरवाल्या बॅक्टेरियांना फारसं काही उरतच नाही. हवा आत आली पण वाईन बिघडली नाही. शिवाय साव्हान्याँचा आंबटपणा इतका कडक की बाकीच्या जिवाणूंना तिथे राहणं अवघड, आणि साखर चढलेली असल्यामुळे दारूचं प्रमाणही १४ टक्क्यांच्या आसपास जातं, वरून काही ओतावं लागत नाही. स्पेनमध्ये शेरी अशाच सायीखाली बनते पण तिथे वेगळी दारू घालून कडकपणा वाढवतात.

तरी दर वेळी जमतंच असं नाही. काही पिंपांची साय फाटते, वाईन आंबते. म्हणून नमुने काढून लॅबमध्ये तपासत राहतात, बिघडायला लागलेलं पिंप वेळेत बाजूला काढून दुसऱ्या कामाला लावतात. तळघरंही गंमतशीर, वाईनला थंड आणि एकसारखं तापमान लागतं असं आपण ऐकलेलं असतं, इथे उलट, हवेशीर जागा आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक चालतो, किंबहुना हवाच असतो, उबेला साय वाढते आणि थंडीत मंदावते.

आता मेथी. यीस्ट दारू खातं तेव्हा मधल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड बनतं, ठेचलेल्या हिरव्या सफरचंदासारखा वास येतो तो याचा, आणि त्यातलं बरंचसं वाईनमध्ये सुटतं. दुसरीकडे अमिनो ॲसिडच्या मोडतोडीतून कीटोब्युटिरिक ॲसिड नावाचं एक संयुग तयार झालेलं असतं. या दोघांची आंबट वातावरणात हळूहळू, अगदी सावकाश गाठ पडते आणि सोटोलॉन बनतं. घाई करून चालत नाही, म्हणून इतकी वर्षं. आणि आपलं नाक या रेणूला इतकं तीक्ष्ण आहे की एका लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम असले तरी कळतं. कमी असेल तर जळकी साखर, अक्रोड, मेपल सिरप असं वाटतं, जास्त झालं की थेट मेथी आणि मसाल्याचा डबा. २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून अख्ख्या भागात मेपल सिरपचा वास पसरायचा, लोक घाबरून फोन करायचे, शेवटी २००९ मध्ये उलगडा झाला की नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची तेव्हा वारा तिकडून आला की शहर घमघमायचं. जास्त मेथी खाल्ली की घामाला वास येतो तोही याचाच.

कायद्याने ही वाईन तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत पिंपातच राहते आणि त्यातली किमान ६० महिने सायीखाली. तोपर्यंत इतकी उडून जाते की एका लिटरचे सुमारे ६२ सेंटिलिटर उरतात असं धरतात, आणि तिची बुटकी चौकोनी खांद्यांची बाटली, क्लाव्हलाँ, बरोबर ६२ सेंटिलिटरचीच असते. ग्राहकाला हिशेब समोर दिसतो, हे मला फार आवडतं. शातो-शालोँ नावाच्या टेकडीवरच्या गावाची सगळ्यात नावाजलेली, आणि त्याच भागातलं आर्ब्वा म्हणजे लुई पाश्चरचं गाव. आंबवणं हे जिवंत यीस्टचं काम आहे हे ज्याने पटवून दिलं तो इथेच वाढला, गावाजवळ स्वतःची द्राक्षबाग घेतली, आणि १८७८ मध्ये तिथे वेलींवर काचेची घरं बांधून घड कापसात गुंडाळून ठेवले, हे दाखवायला की यीस्ट द्राक्षाच्या आत नसतं, बाहेरून येतं. बाहेरचं यीस्ट पोचलं नाही ते घड ठेचून ठेवले तर आंबलेच नाहीत.

पिताना फ्रीजमधून काढून लगेच पीत नाहीत, जरा थंडावा उतरू देतात, सोबत वर्ष-दीड वर्ष मुरलेलं काँते चीज किंवा याच वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी. पहिल्या घोटाला निम्मे लोक तोंड वाकडं करतात. बाटली उघडी राहिली तरी कित्येक आठवडे काही होत नाही, हवेने जे बिघडवायचं ते आधीच करून झालेलं असतं. टिकायचं म्हटलं तर विचारू नका, १७७४ च्या तोडणीची एक बाटली २०१८ मध्ये लिलावात १,०३,७०० युरोला गेली.

या सगळ्यात एक अडचण आहे जी आत्ता दिसत नाही. हिवाळे ऊबदार झाले की वेली लवकर फुटतात आणि मग एप्रिलमध्ये एक गोठवणाऱ्या दंवाची रात्र आली की कोवळे फुटवे जळतात, ज्युरामध्ये हे अलीकडे वारंवार झालंय, २०२१ मध्ये तर फार वाईट. बाकीच्या वाईनला असा फटका एक-दोन वर्षांत बाजारात दिसतो. २०२१ ची व्हाँ जोन मात्र २०२८ मध्ये बाजारात येणार, म्हणजे जी थोडीफार द्राक्षं हाती लागली त्यातली किती पिंपं सायीखाली टिकली आणि किती आंबली हे गिऱ्हाईकाला तेव्हा कळणार, आणि भाव तर तेव्हा बघायलाच नको.