समांतर तर्क: वाक्यांचा क्रम जुळवत बसू नका

एलसॅट या कायद्याच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: समांतर तर्काच्या प्रश्नात, म्हणजे दिलेल्या उताऱ्यासारखाच तर्क असलेला पर्याय निवडायचा असतो त्यात, बरोबर पर्यायातल्या वाक्यांचा क्रमही मूळ उताऱ्यासारखाच हवा. तसं काही नाही.

‘सगळे वकील पदवीधर असतात; सीमा पदवीधर नाही; म्हणजे ती वकील नाही.’ याची खरी जोडी: ‘हा प्राणी सस्तन नाही, कारण सगळ्या सस्तनांना पाठीचा कणा असतो आणि याला तो नाही.’ निष्कर्ष आधी आला, तरी सांगाडा तोच. उलट ‘रमा वकील नाही, म्हणजे पदवीधर नाही’ हा पर्याय ओळखीचा वाटतो आणि हमखास गंडवतो. त्यातला तर्कच उलटा आहे.

क्रमापेक्षा निष्कर्षाचा जोर बघा. मुळात ‘नाही’ असताना पर्यायात ‘बहुधा नाही’ आलं, की तो तिथेच खोडायचा. पुढचं वाचायचंही नाही.